घोषणेचा लघुपट आणि पाहणीचा लघुपट

लहान मुलांच्या सुरक्षिततेविषयी लोकांना सावध करावे म्हणून कराचीतील एका संस्थेसाठी काही वर्षांपूर्वी एक छोटासा जनजागृतीपट तयार करण्यात आला. रस्त्यात मुले खेळत आहेत, मोटरसायकलवरून दोघे येतात, एका मुलाला उचलतात आणि निघून जातात. लगेच ते परत येतात, मुलाला सुखरूप खाली ठेवतात आणि मूल पळविणे किती सोपे आहे हे सांगणारा फलक हातात धरतात. हेतू चांगला होता आणि मांडणीही नेमकी होती. परंतु पुढे कोणी तरी या चित्रपटाचा शेवट कापला. फलकाविना उरलेले तेवढेच दृश्य २०१७-१८ च्या सुमारास भारतातील असंख्य मोबाइलवर फिरले आणि मुले पळविणारी टोळी आपल्याच गावात आली आहे, असा समज त्याने ठिकठिकाणी पसरविला. त्या काळात अशा अफवांपायी देशात अनेक निरपराध माणसे जमावाच्या हातून मारली गेली. महाराष्ट्रात १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भटक्या जमातीतील पाच जणांना ठेचून मारण्यात आले, त्यामागेही मुले पळविणाऱ्यांची अफवाच होती. तिथे नेमकी कोणती चित्रफीत पोहोचली होती, हा येथे मुद्दा नाही. लोकांना जागे करण्यासाठी काढलेला चित्रपट शेवटची काही क्षणचित्रे गाळताच लोकांना पिसाळून सोडू शकतो, एवढे या प्रकारावरून दिसून आले.

महाराष्ट्रातील शाळांमधून विद्यार्थ्यांना जनजागृतीपर लघुपट करावयास शिकविण्याची जी नवी हौस दिसते, तिचा विचार या घटनेच्या संदर्भात व्हावयास हवा. हौस हा शब्द येथे कुत्सितपणे योजलेला नाही. एकेकाळी कॅमेरा, फिल्म, प्रयोगशाळा आणि संकलनाचे यंत्र यांच्या खर्चामुळे जे काम मुंबई-पुण्यातील मोजक्या संस्थांनाच शक्य होते, ते आज आठवीतील मुलगी वडिलांच्या मोबाइलवर करू शकते. स्वच्छता, मतदान, रस्ता सुरक्षा, प्लास्टिकबंदी, व्यसनमुक्ती, पाणीबचत अशा विषयांवर दोन-तीन मिनिटांचे चित्रपट मागविणाऱ्या स्पर्धाही शाळांच्या परिचयाच्या झाल्या आहेत. पूर्वी ज्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला हस्तलिखित मासिकाची मुखपृष्ठे किंवा भित्तिपत्रकाची चौकट येत असे, त्यांच्या हाती आता एक विलक्षण सामर्थ्याचे साधन आले आहे. प्रश्न आहे तो शाळा त्यांना या साधनाने काय करावयास शिकवितात, हा.

याचे उत्तर फारसे उत्साहवर्धक नाही. शाळकरी जनजागृतीपट बहुधा एकाच साच्यातून निघालेला असतो. एक मुलगा केळ्याचे साल रस्त्यावर टाकतो. दुसरा पाय घसरून पडतो. पांढराशुभ्र गणवेश घातलेली मुलगी येऊन दोघांना चार वाक्ये ऐकविते. पहिला कान धरतो. सर्वजण एका ओळीत उभे राहून घोषणा देतात आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत तीच घोषणा पुन्हा उमटते. पार्श्वसंगीत करुण असते आणि ते कोठून तरी उचललेले असते. जाणकाराच्या लक्षात येईल की यातील आवाज वक्तृत्व स्पर्धेतला आहे आणि हालचाल प्रभातफेरीतली. मराठी शाळेने पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या या दोन्ही परंपरांना त्यांच्या जागी मोल आहे. पण कॅमेऱ्याचा धर्म वेगळा आहे. कॅमेरा समोर जे आहे ते टिपतो आणि म्हणूनच जे टिपायचे त्याकडे आधी नीट पाहावे लागते. या चित्रपटांत पाहण्याचा भागच गळालेला असतो. विषय वरून ठरून येतो, निष्कर्ष विषयाबरोबरच बांधून येतो आणि विद्यार्थ्याने करावयाचे उरते ते केवळ वेष चढविणे.

या दोषाचे खापर मुलांवर किंवा त्यांच्या शिक्षकांवर फोडणे अन्यायाचे होईल, कारण हा वारसा मोठ्यांचाच आहे. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे अनुबोधपट देशभरच्या चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटापूर्वी दाखविण्याचे बंधन कित्येक दशके होते. धरणे, खते, कुटुंबनियोजन, बचत यांची महती सांगणारा तो धीरगंभीर आवाज ज्यांनी ऐकला आहे, त्यांना हेही आठवत असेल की त्या अवधीत अर्धे प्रेक्षागृह बाहेर विडी-चहा उरकून घेई. प्रेक्षक काही करंटे नव्हते. जे त्यांना सांगितले जात होते ते त्यांना ठाऊक होते, आणि जे विचारावेसे वाटत होते त्याला त्या पडद्यावर जागा नव्हती. तथापि याच संस्थेतून १९६७ मध्ये एस. एन. एस. शास्त्री यांचा ‘आय ॲम ट्वेंटी’ निघाला. स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेल्या तरुण-तरुणींना देशाविषयी काय वाटते, एवढेच त्यात विचारले आहे आणि त्यांची उत्तरे, त्यांत ती चरचरीत असली तरी, ठेवून दिली आहेत. विजया मुळे यांचा १९७४ चा ‘एक अनेक और एकता’ हा लहान मुलांसाठीचा चित्रपट तर पुढील पिढ्यांच्या बालपणाचाच भाग होऊन बसला. सरकारी संस्थेत राहूनही चांगले काम करता येते, याचे हे पुरावे आहेत. पुढे १९८४ मध्ये महाराष्ट्राने पुण्यात बालचित्रवाणी सुरू केली आणि शालेय कार्यक्रमांच्या निर्मितीचे एक केंद्र राज्याला लाभले. ते २०१७ मध्ये बंद झाले. मुलांच्या हाती कॅमेरा येण्याच्या सुमारास, त्यांना तो कसा धरावा हे मराठीतून सांगू शकणारी संस्था नाहीशी व्हावी, हा योगायोग खचितच सुखद नाही.

वस्तुतः या कामाचा उत्तम पहिला धडा शंभरहून अधिक वर्षांपूर्वी एका मराठी माणसानेच घालून दिलेला आहे. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये विलायतेहून कॅमेरा घेऊन आले, तेव्हा भांडवल देणाऱ्यांची खात्री पटविण्यासाठी त्यांनी प्रथम एक लहानसा चित्रपट केला. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा एका जागी पक्का बसविला आणि रोप वाढत असताना महिनाभराहून अधिक काळ थोडी-थोडी छायाचित्रे घेतली. पडद्यावर बीजाचा अंकुर आणि अंकुराची वेल डोळ्यांदेखत झाली. त्यात कोणी कोणाला उपदेश करीत नाही. ‘झाडे लावा, झाडे जगवा’ असे ओरडणारे दहा लघुपट काढण्यापेक्षा, गेल्या पावसाळ्यात वनमहोत्सवात पाहुण्यांच्या हस्ते लावलेल्या रोपासमोर उभे राहून दर सोमवारी त्याचे एक छायाचित्र घेण्यास मुलांना सांगितले, तर चैत्र येईतो ते रोप जगले की वाळले हे सर्वांना दिसेल. वाळले असेल तर का वाळले, हा प्रश्न मुले स्वतःच विचारतील. पाहुण्यांना कदाचित तो आवडणार नाही.

पाहणीचा लघुपट म्हणजे काय, याचे आणखी ठळक उदाहरण तंबाखूचे. ‘तंबाखूमुक्त शाळा’ असा फलक आज जागोजाग दिसतो आणि तंबाखूवरील लघुपटांत कोणी तरी खोकून मरण पावल्याशिवाय सहसा चित्रपट संपत नाही. आता २००३ च्या केंद्रीय कायद्यात एक सरळ तरतूद आहे : कोणत्याही शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत. शंभर यार्ड म्हणजे साधारण साडेएक्याण्णव मीटर. नववीच्या चार विद्यार्थ्यांना गणिताच्या शिक्षकांनी मोजपट्टी द्यावी आणि शाळेच्या फाटकापासून अंतर मोजीत जाण्यास सांगावे. फाटक, पट्टी, पाय, पट्टी, पाय आणि ऐंशीव्या मीटरवर टपरी, एवढ्यानेच दोन मिनिटांचा चित्रपट होतो. त्याला खोकणारा म्हातारा लागत नाही, घोषणा लागत नाही. कायदा काय म्हणतो आणि रस्त्यावर काय आहे, ही दोन सत्ये शेजारी ठेवली की उरलेले काम पाहणाऱ्याच्या मनात होते.

पण खरी परीक्षा येथेच सुरू होते. ती टपरी कोणाची आहे? गाव लहान असेल तर ती त्याच वर्गातील एखाद्या मुलाच्या चुलत्याची निघण्याचा संभव आहे. त्या चार पुड्यांच्या विक्रीवर घर चालत असेल. माल पुरविणारा घाऊक व्यापारी आणि टपरीला परवानगी देणारी किंवा तिच्याकडे काणाडोळा करणारी यंत्रणा चित्रात येत नाहीत. चित्रात येतो तो टपरीमागचा अंग चोरून बसलेला माणूस. त्याचा चेहरा दाखवावा का? त्याला बोलू द्यावे का? तो म्हणाला की शाळा नंतर झाली, टपरी आधीची आहे, तर ते वाक्य ठेवावे की गाळावे? आणि ज्याचा चुलता तो आहे, त्या मुलाने त्या दिवशी मोजपट्टीचे टोक धरावे का? नागरिकशास्त्राच्या पुस्तकातील चार धडे एका बाजूला आणि हे प्रश्न एका बाजूला ठेवले, तर कोणते पारडे जड होईल हे सांगावयास नको. लघुपट शाळेत शिकवावा तो या प्रश्नांसाठी. चित्रपट कसाही निघो, त्यावर वर्गात झालेला वाद मुलांच्या अंगी लागेल.

पाण्याचेही तसेच आहे. ‘पाणी वाचवा’ हा शाळकरी लघुपटांचा लाडका विषय. नळ गळतो आहे, मुलगी धावत येऊन तो बंद करते. शहरातील सधन वस्तीत हे दृश्य शोभते. परंतु ज्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथील शाळेतही हेच दृश्य चित्रित व्हावे, यासारखा विनोद नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या वर्षी तेथील घागरीमागे उभ्या असलेल्या आईला तिच्या लेकराने पाणी जपून वापरण्याचा उपदेश करावा, याला जनजागृती म्हणता येत नाही. ती आई पाण्याचा थेंब न्‌ थेंब कसा वापरते, धुण्याचे पाणी कशाला आणि भांड्याचे कशाला जाते, हे तिच्याच मागे दिवसभर फिरून टिपले असते, तर जागृतीची गरज असलेल्या भलत्याच लोकांना ते दाखविता आले असते. संदेश कोणाला द्यावयाचा, याचा विचार स्पर्धेच्या पत्रकात क्वचितच असतो. तो जणू साऱ्या जगाला असतो आणि म्हणून कोणालाच पोहोचत नाही. गाडगेबाबांना हे गणित पक्के ठाऊक होते. ते गावात आले की आधी खराटा हाती घेऊन गाव झाडीत आणि रात्री कीर्तनात समोरच्या माणसांना प्रश्नामागून प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तरे वदवीत. ज्याचे अंगण दुपारी झाडले, तोच श्रोता रात्री समोर बसलेला असे.

सर्वात अवघड विषय मात्र शाळेच्या भिंतीच्या आतच असतो. स्वच्छतेवर लघुपट करणाऱ्या मुलांनी शाळेच्या स्वच्छतागृहाचे दार उघडून दाखविले तर काय होईल? मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, पाण्याची टाकी कोरडी आहे, हे पडद्यावर आले तर मुख्याध्यापकांपुढे पेच उभा राहतो. वरिष्ठांकडून विचारणा होण्याची भीती असते. दुरुस्तीचा अधिकार आणि पैसा मात्र त्यांच्याकडे नसतो. त्यांची ही अडचण खरी आहे आणि बाहेर बसून त्यांना भित्रे म्हणणे सोपे आहे. आधीच निरनिराळ्या सर्वेक्षणांनी आणि ऑनलाइन माहिती भरण्याने वाकलेल्या शिक्षकांवर लघुपटाची आणखी एक कामगिरी लादू नये, हे म्हणणेही रास्त आहे. पण त्यासाठी एक मार्ग कायद्यानेच करून ठेवला आहे. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानुसार बहुतेक शाळांत पालकांचे बहुमत असलेली व्यवस्थापन समिती असते आणि शाळेच्या विकासाचा आराखडा तयार करणे हे तिचे काम आहे. मुलांनी केलेला कडीचा आणि टाकीचा लघुपट स्पर्धेला पाठविण्याऐवजी या समितीच्या बैठकीत दाखविला, तर तो तक्रारअर्ज ठरत नाही आणि मुख्याध्यापकांच्या माथी दोषही येत नाही. एक कडी बसली तरी त्या मुलींना चित्रपटाची ताकद कळेल. जी शाळा इतकेही सोसू शकत नाही, तिने गावाच्या अस्वच्छतेवर चित्रपट काढण्याच्या भानगडीत पडू नये.

तंत्रशिक्षणाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. मोबाइल आडवा धरावा, वाऱ्यात आवाज नीट येत नाही, पाठीमागे खिडकी असेल तर चेहरा काळा पडतो, हे मुले दोन दिवसांत स्वतःच शिकतात. संकलन मात्र शिक्षकांनी शेजारी बसून शिकवावे. ग्रामसेवकांनी मुलांना सांगितले, ‘नळयोजना पूर्ण झालेली नाही, पण पाइप आले आहेत, दिवाळीपर्यंत पाणी येईल.’ यातील पहिला तुकडा तेवढा ठेवला की अधिकारी नालायक दिसतात. शेवटचा तेवढा ठेवला की कार्यतत्पर. वर्गाचे दोन गट करून एकाच मुलाखतीतून दोन उलट्या अर्थांचे चित्रपट करून घ्यावेत आणि मग ते एकामागून एक सर्वांना दाखवावेत. आपल्या बोटाच्या एका हालचालीने माणसाचे म्हणणे फिरते, हे ज्या मुलाने एकदा स्वतः करून पाहिले, तो मोबाइलवर येणाऱ्या पुढच्या चित्रफितीचा शेवट कोठे गेला असे विचारण्याची शक्यता पुष्कळच वाढते. कराचीच्या त्या चित्रपटाचा कापलेला शेवट कोणी विचारला असता तर किती प्राण वाचले असते, हे सांगता येणार नाही. विचारावयास कोणी शिकविले नव्हते, एवढे खरे.

चित्रपटात ज्यांचे चेहरे येतात त्यांच्या संमतीबाबत शाळांत जी बेफिकिरी आढळते, ती चिंताजनक आहे. कचरा वेचणारी बाई, फूटपाथवर निजलेले मूल, दारू पिऊन पडलेला माणूस यांना विचारावे असे कोणाला वाटत नाही; गरिबाचा चेहरा जणू सार्वजनिक मालमत्ता आहे. वर्गमित्रांपैकीच कोणाला ‘गरीब मुलगा’ केले जाते आणि त्याची खरी खोली, खरी आई नेपथ्य म्हणून वापरली जाते. पुढे तो चित्रपट वर्षानुवर्षे कोणाच्या ना कोणाच्या मोबाइलवर राहतो. या बाबतीत कॅनडातील फोगो बेटाचे उदाहरण जुने असले तरी अभ्यसनीय आहे. तेथील कोळ्यांना बेट सोडून अन्यत्र वसविण्याचा विचार सरकारी पातळीवर चालू असताना, १९६७ मध्ये कॉलिन लो या दिग्दर्शकाने त्यांच्याशी बोलून अनेक लहान चित्रपट तयार केले. ते प्रथम बेटावरच, ज्यांचे चित्रण झाले त्यांना दाखविण्यात आले आणि त्यांच्या संमतीनेच बाहेर नेण्यात आले. एका वाडीचे म्हणणे दुसऱ्या वाडीने पडद्यावर प्रथमच ऐकले. मंत्र्यांचे उत्तरही चित्रित करून बेटावर आणले गेले. त्या लोकांनी पुढे आपली सहकारी संस्था उभी केली आणि बेट उठले नाही. आपल्याकडे ग्रामसभा आहे, पांढऱ्या रंगाची भिंत आहे आणि बहुतेक शाळांत धूळ खात पडलेला प्रोजेक्टरही आहे. टपरीवाला, ग्रामसेवक आणि घागरवाली आई यांनी चित्रपट आधी पाहावा, परीक्षकांनी वाटल्यास नंतर पाहावा.

परीक्षकांच्या मागे उभ्या असलेल्या प्रायोजकांकडेही पाहिले पाहिजे. लंडनच्या गलिच्छ वस्त्यांवरील १९३५ च्या ‘हाउसिंग प्रॉब्लेम्स’ या प्रसिद्ध माहितीपटात तेथील रहिवाशांनी उंदरांविषयी आणि ओलीविषयी स्वतःच्या तोंडाने सांगितले, म्हणून तो आजही वाखाणला जातो. त्यासाठी पैसा पुरविला होता गॅसच्या धंद्याने आणि जुन्या खोल्या पडून नव्या इमारती उभ्या राहिल्या तर त्यांत गॅसच्या शेगड्या बसतील, हा त्याचा हिशेब होता. हेतू शुद्ध नसला तरी काम चांगले होऊ शकते, असे यावर कोणी म्हणेल आणि ते खोटे नाही. परंतु लंडनच्या त्या दिग्दर्शकांना आपण कोणाचे मीठ खातो हे ठाऊक होते. नववीतील मुलाला ते ठाऊक नसते. साबणाच्या कंपनीने हात धुण्यावर किंवा बाटलीबंद पाणी विकणाऱ्याने पाण्यावर बक्षीस लावले, तर त्या बक्षिसाचा अर्थ काय होतो, हाही वर्गात चर्चेचा विषय व्हावा.

एक शेवटची बाब कोणाच्याच लक्षात येत नाही. बक्षीस समारंभ झाला की हे चित्रपट नाहीसे होतात. मोबाइलची जागा भरते, मुलगा दहावीनंतर शाळा सोडतो, शिक्षकांची बदली होते. शाळेच्या दप्तरात हजेरीपटापासून धान्याच्या साठ्यापर्यंत सर्वांची नोंद राहते. तिथे एका कपाटात या चित्रपटांची प्रत तारखेसह ठेवण्यास खर्च काहीच नाही. दर वर्षी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गावच्या विहिरीच्या किती पायऱ्या उघड्या पडल्या आहेत, एवढेच एका मिनिटाचे चित्रण त्याच जागेवरून नवव्या इयत्तेने करावे आणि ते कपाटात ठेवावे. दहा वर्षांनी त्या दहा मिनिटांत काय दिसेल, हे आज कोणालाच सांगता येणार नाही. पण पाणलोटाच्या कामावर गावात किती खर्च झाला याचे आकडे घेऊन जेव्हा कोणी साहेब येतील, तेव्हा ग्रामसभेत भिंतीवर लावण्याजोगे काही तरी गावाजवळ असेल.